पहिल्या तीन फोडायच्या

अक्का, आज सोंड परत लागली.

तुमचं उत्तरकार्य होऊन चार दिवस झाले. मुरगूडहून परत येताना मी ठरवलं होतं, आता काही लिहायचं-बिहायचं नाही, गेलेलं माणूस थोडंच वाचायला येतंय. खरं आज सकाळी कोअर शॉपमध्ये जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही. तुम्ही म्हणायचात, ह्या म्हावीरला सगळं कागदावर लागतंय. तर घ्या, कागदावरच सांगतो.

फाउंड्रीत कुणी बाहेरचं आलं की सोंड म्हणजे काय ते सांगायचं काम तुमच्याकडं असायचं, आणि तुम्हाला ते आवडायचंही. हातातली ठासणी बाजूला ठेवून सांगायचात, "पावणं, पंपाच्या आतनं पाणी जायाला वाट लागती का न्हाय? ती वाट आमी आदी वाळूची करतो. तिला कोअर म्हंत्यात. तिच्या भवतीनं लोखंड वततात. मग वाळू झडून जाती आन् वाट तेवढी ऱ्हाती." एवढ्यात पाहुण्याला सगळं कळायचं. मी डिप्लोमा करून आलेला, मला तीच गोष्ट सांगायला पाऊण तास आणि एक फळा लागायचा.

त्यातली ही एक कोअर हत्तीच्या सोंडेसारखी वळलेली. ड्रॉइंगवर तिचा नंबर काही का असेना, आपल्याकडं ती सोंडच. आणि ती वाईट. पेटीत, म्हणजे तिच्या साच्यात, वाळू कमी ठासली तर वळणावर ढिली राहते, जास्त ठासली तर आतला वायू बाहेर पडत नाही आणि लोखंडात भोकं पडतात. त्या वायूला वाट द्यायला दोन बाजूंनी सळई घालून काढायची, आणि दोन्ही वाटा वळणावर एकमेकींना भेटल्या पाहिजेत. बाहेरून बघून काही कळत नाही. भेटल्या का नाही ते कोअर फोडल्यावरच दिसतं.

मी पहिल्यांदा आलो तेव्हा मालकांनी मला एक आठवडा तुमच्या बाकावर बसवलं होतं. पहिलीच सोंड पेटीतून काढताना माझ्या हातात तिचे दोन तुकडे झाले, आणि तुम्ही पदर तोंडाला लावून हसला होतात. मग वाळू घट्ट व्हायला पेटीत गॅस किती वेळ सोडायचा ते शिकवलंत. माझ्याकडं घड्याळ होतं, तुमच्याकडं एस.टी. मुरगूडहून रोज येणारी तुमची गाडी. मनातल्या मनात गावं म्हणत जायचं, सावकाश, एकेक. मुरगूडला कॉक उघडायचा. लहान पेटी असली तर सिद्धनेर्लीला बंद. सोंड असली तर कागलपर्यंत. थंडीत एक गाव जास्त, म्हणजे थेट गोकुळ शिरगाव, कारखान्याच्या दारात. मी एकदा चोरून घड्याळ लावून बघितलं होतं. दिवसभरात तुमच्या कागलमध्ये दोन सेकंदांचाही फरक पडला नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तुम्ही डोक्यावर बसला असतात.

तुमची आणखी एक रीत होती. एखादी पेटी मधे बरेच दिवस कामाला लागली नसली, की परत लागल्यावर पहिल्या तीन कोअर तुम्ही करायच्या आणि स्वतःच्या हातानं मोडायच्या. मोडलेले तुकडे उजेडाला धरून बघायचात, बोटानं आतली वाळू खरवडायचात, आणि मग चौथीपासून ट्रेमध्ये. तीन कधी दोन झाल्या नाहीत की चार झाल्या नाहीत. त्याला तुम्ही वळख म्हणायचात. हाताची आणि पेटीची वळख.

आपलं भांडण इथंच सुरू झालं ना? मी प्लॅनिंगला गेलो, संगणकावर तक्ते करायला लागलो, आणि भिंतीवर तो चार्ट लावला. प्रत्येकाचं नाव, प्रत्येक पेटीसमोर एक वर्तुळ. काम येत नसलं तर रिकामं, थोडं आलं की पाव भरायचं, दुसऱ्याला शिकवण्याइतकं आलं की पुरं. तुमच्या नावासमोर सगळी पुरी भरलेली. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही कमरेवर हात ठेवून तो वरपासून खालपर्यंत बघितलात आणि म्हणालात, "भरायचं कसं त्ये कळलं. रितं कवा करायचं?"

मी हसलो. म्हणालो, अक्का, एकदा सायकल आली की आली, ती काय कुणी विसरतंय? तुम्ही म्हणालात, सायकलचं मला ठावं न्हाय, मी कवा चालवली न्हाय. खरं होळीला पुरणाची पोळी मी चाळीस वर्सं लाटतोय, आणि दर वर्षी पहिली फाटतीच. वर्षानं हात लागतोय तर फाटणारच की. ती फाटकी मी माझ्या ताटात घेतो आणि दुसरी नीट होती. घरातलं कुणी म्हणत न्हाय की बाईचा हात गेला. मी म्हणालो कारखाना म्हणजे स्वयंपाकघर नव्हे. कागदी पैलवान म्हणालात मला तुम्ही, सगळ्या बायकांसमोर. ते नाव मग वर्षभर चाललं.

मग गिऱ्हाइकाचं मागणं बदललं. पूर्वी सोंडेची मोठी ऑर्डर यायची, महिना-महिना तीच पेटी. आता ते म्हणायला लागले, साठा नको, लागेल तसं थोडं थोडं द्या. मी लॉट लहान केले. सोंड दोन दिवस लागायची आणि मग दहा-अकरा आठवडे तिचं नाव नाही. शिवाय सगळ्यांना सगळं आलं पाहिजे म्हणून मी माणसं फिरवायला लागलो. तुम्ही आज ह्या पेटीवर, परवा त्या. कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं, अक्का, की मालकांनी तो कागद पाहुण्यांना दाखवायला ठेवला होता.

आणि पहिल्या दिवशी किती नग निघतील तो आकडा मी शेवटच्या दिवसाइतकाच धरला. मागच्या लॉटच्या शेवटी तुमचा हात जिथं होता, तिथूनच तो पुढं चालू होणार असं गृहीत धरलं. मधल्या अकरा आठवड्यांना माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

त्या दिवशी मी मुद्दाम सातलाच आलो होतो. तुम्ही पहिली कोअर मोडायला उचललीत आणि मी तुमचा हात धरला. म्हणालो, चांगली कोअर फोडायची म्हणजे भाजलेली भाकरी चुलीत घालायची, आता हे बंद. तुम्ही म्हणालात, "भाजलीया का न्हाय त्ये बगाय पयली मोडूनच बगतोय की मानूस." मी ऐकलं नाही. तुम्ही ती कोअर ट्रेमध्ये ठेवलीत, पुढची केलीत, आणि संध्याकाळपर्यंत माझा आकडा पुरा करून दिलात.

तो सगळा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. मशीनवर घेतल्यावर वळणाजवळ भोकंच भोकं. सळईच्या दोन वाटा एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. दुसऱ्या बाजूनं सळई थोडी तिरकी घालावी लागते, तो तिरकेपणा अकरा आठवड्यांत तुमच्या हातातून गेला होता. तीन फोडल्या असत्या तर पहिल्या पंधरा मिनिटांत तुम्हाला ते दिसलं असतं.

मालकांच्या केबिनमध्ये आपण दोघं उभे होतो. त्यांनी विचारलं, हे कसं झालं? मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. म्हणालो, "अक्कांचं वय झालंय. हात पूर्वीसारखा राहिला नाही." तुम्ही उजवा हात उलटा-सुलटा करून बघितलात आणि म्हणालात, "व्हय, इसरला असंल."

त्याच दुपारी मी चार्टवर तुमची वर्तुळं निम्मी केली. तुम्हाला वॉशच्या बाकावर घातलं, दुसऱ्यांनी केलेल्या कोअरना काळा लेप लावायला. सोंड संगीताला दिली, तिला तुम्हीच शिकवलं होतं. निवृत्त होईपर्यंतची दोन वर्षं तुमचे हात कोपरापर्यंत काळे असायचे.

तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. त्या वर्षी आमचा चातुर्मास सुरू झाला आणि पहिल्याच सोमवारी तुम्ही नेहमीसारखी डबी घेऊन आलात. शेंगदाण्याची चटणी, बिनलसणीची, माझ्यासाठी वेगळी कुटलेली. "तुमचं चार म्हैन्याचं लागलं न्हवं?" एवढंच म्हणालात. मी भाकरीबरोबर ती खाल्ली.

आता खरं सांगतो. मला कळलं होतं. तुम्हाला वॉशवर घातल्यावर दीड-दोन महिन्यांतच कळलं. मी जुनी रिजेक्शनची रजिस्टरं काढून बसलो आणि प्रत्येक लॉटपुढं लिहिलं की त्याच्या आधी ती पेटी किती आठवडे बंद होती. खंड जितका मोठा, तितके पहिले नग वाईट. सगळ्यांचेच, अक्का. पंचविशीतल्या पोरींचेही. वयाचा त्यात काही संबंध नव्हता. उलट जुन्या माणसाचा हात लवकर परत यायचा. नवीन पोरीला निम्मा दिवस लागायचा, तुम्हाला तीन कोअर. म्हणजे तुम्ही ती तीन उगाच धरली नव्हतीत. माझ्याआधी वीस वर्षं तुम्ही ते मोजलेलं होतं, रजिस्टर न लिहिता.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. कारण काही फार मोठं नव्हतं. तुम्हाला सांगायचं तर मालकांना सांगावं लागलं असतं, आणि त्याच महिन्यात माझी बढती चालली होती. मी गुपचूप प्लॅन थोडा सैल केला, सोंडेला एकटी संगीताच ठेवली, आणि गप्प बसलो. पुढचे लॉट चांगले गेले. मालक म्हणाले, बघ, हात बदलला आणि फरक पडला. मी मान डोलावली. लाज वाटायला पाहिजे होती. वाटलीसुद्धा, खरं कामाच्या नादात मी ती दाबून टाकली.

तुम्ही जायच्या तीन आठवडे आधी मी मुरगूडला आलो ते हे सांगायलाच आलो होतो. कसबा बावड्यातल्या घरातून निघाल्यापासून वाक्य घोळवत होतो. तुम्ही कॉटवर उशाला टेकून बसला होतात. रेखानं, तुमच्या सुनेनं, चहा आणून दिला आणि ती गोठ्याकडं गेली. तुम्ही घरच्यांची चौकशी केलीत, मग विचारलंत सोंड कधी लागणार. मी म्हणालो पुढच्या महिन्यात. "थंडी हाय, येक गाव जास्त धराय सांग संगीताला." मग हात पुढं केलात, बोटं वाकलेली, आणि म्हणालात, "ह्यो हात इसरला बग म्हावीर. आता कप बी धरत न्हाय."

इतकी सोपी जागा मला आयुष्यात दुसरी मिळणार नव्हती. मी म्हणालो, अक्का, एक सांगायचं होतं. तुम्ही म्हणालात, सांग की.

मी म्हणालो, तब्येतीला जपा.

"येवढंच व्हय?"

"एवढंच."

तुम्ही माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलंत आणि मग रेखाला हाक मारलीत, ह्याला राधानगरीचा तांदूळ बांधून दे म्हणून, भावानं माहेरनं पाठवलेला. तो तांदूळ अजून आमच्या घरात आहे. बायको म्हणते, शिजवू का? मी नको म्हणतो.

आता आजचं. मी नेहमी नऊला येतो, शिफ्ट सातला लागते. आज सोंड लागायची म्हणून लवकर उठलो, साडेसातलाच कोअर शॉपमध्ये गेलो. संगीताच्या बाकावर एक कोअर फोडून पडली होती. मला बघून ती दचकली नाही की काही नाही. दुसरी पेटीतून काढली, माझ्यासमोर दोन्ही हातांनी मोडली आणि तुकडा खिडकीकडं धरला. अगदी तुमच्यासारखा, एक डोळा मिटून. मग तिसरी.

मी विचारलं, हे कधीपासून?

ती म्हणाली पहिल्यापासून. दर लॉटला. तुम्ही वॉशवर गेलात त्याच आठवड्यात तिला बजावलं होतंत की सायेब नऊला येतोय, तोवर तीन फोडायच्या आणि तुकडे टाकाऊ वाळूच्या ढिगात घालायचे. तुम्ही निवृत्त झाल्यावरही सोंड लागली की ती तुम्हाला फोन करायची, आणि तुम्ही विचारायचात, फोडल्या का तीन? म्हणजे इतकी वर्षं जे लॉट चांगले गेले, ज्यांच्यावर मी मान डोलावली, ते माझ्या प्लॅनमुळं नव्हतेच.

मी म्हणालो, मग मला का नाही सांगितलं? संगीता हातातला तुकडा खाली ठेवत म्हणाली, "अक्का म्हणाली हुती, त्येला कळू द्यू नगं. चूक कुणाची त्ये त्येला ठावं हाय, उगा मनाला लागंल."

अक्का, म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

मी तिथंच स्टुलावर बसलो. तुमचा हात विसरला नव्हता, मी तो विसरायला लावला, हे तुम्हाला केबिनमध्येच कळलं होतं का? मग 'इसरला असंल' म्हणालात ते मला वाचवायला? आणि मुरगूडला हात पुढं करून दाखवलात, ते काय होतं? मी बोलावं म्हणून दार उघडून धरलं होतंत, आणि मी तब्येतीला जपा म्हणून चपला घातल्या. आता हे कुणाला विचारू? रेखाला विचारायचा धीर नाही. आणि तुमच्यावर रागही येतोय, खोटं कशाला बोलू. माझ्या मनाला लागेल म्हणून तुम्ही दोन वर्षं काळे हात घेऊन बसलात? एक शिवी दिली असतीत तर दोघंही सुटलो असतो.

दुपारी केबिनमध्ये गेलो. मालकांना सगळं सांगितलं, रजिस्टरातले खंड दाखवले. त्या वेळची चूक अक्कांच्या हाताची नव्हती, माझ्या प्लॅनची होती, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं, हेही सांगितलं. ते म्हणाले, आता कशाला उकरून काढतोस, बाई बिचारी गेली. मी म्हणालो, म्हणूनच. त्यांनी रजिस्टर तेवढं ठेवून घेतलं. पुढं काय करतील ते करोत. बाकावरच्या सोंडेच्या कामाच्या कार्डावर मी पेनानं ओळ लिहिली आहे, पहिल्या तीन फोडायच्या, मोजायच्या नाहीत. दुसऱ्या पेट्यांच्या कार्डांवरही उद्या लिहीन. भिंतीवरच्या चार्टला एक रकाना वाढवलाय, पेटी शेवटची कधी लागली होती त्याचा. तुमच्या 'रितं कवा करायचं' ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला इतकी वर्षं लागली.

शिफ्ट सुटताना संगीताला म्हणालो, पेटी धुऊ नकोस, मला दे. तिनं जागा करून दिली. बाकावर बसलो. त्या पहिल्या आठवड्यानंतर आज पहिल्यांदा हातात ठासणी घेतली. वाळू भरली, ठासली, सळया घातल्या, मुरगूडला कॉक उघडला. सिद्धनेर्ली, कागल, थंडी म्हणून पुढं गोकुळ शिरगाव. पेटी उघडली. बाहेरून सोंड इतकी सुरेख दिसत होती की मी ती बिनधास्त ट्रेमध्ये ठेवली असती. मोडून बघितली तर वळणावर वाळू ढिली, सळईची वाट अर्ध्यातच थांबलेली.

दुसरी केली. वाळू घट्ट झाली, वाटा मात्र बोटभर अंतरानं एकमेकींना चुकल्या. संगीता मागं उभी होती, तिनं माझं मनगट धरून जरासं तिरकं केलं.

तिसरी मोडली आणि खिडकीकडं धरली. दोन्ही वाटा वळणावर बरोबर भेटल्या होत्या.

माझ्यासारख्या अडाण्याचाही हात, संगीतानं धरला म्हणून का होईना, तिसऱ्याला आला, अक्का, आणि तुम्ही त्या दिवशी तीनच मागितल्या होत्यात.